चौथ्या तुळईचा सरस

पोलीस ठाणे स्मर्चना, स्लोव्हेनिया
शुक्रवार, ३० ऑगस्ट २०२४. जबाबाला सुरुवात सकाळी ११.१० वाजता.

नाव: आंगेला झागोझेन. वय: ५८ वर्षे. धंदा: नोकरी, पोद्लेस्निक तुळई कारखान्यात सरस विभागाची पाळीप्रमुख, नोकरीस एकतीस वर्षे. राहणार: घर क्रमांक १४, वरची आळी, स्मर्चना.
जबाब लिहून घेणारे: ठाणे अंमलदार मित्या प्रिस्लान.

वर जिचे नाव आहे ती मी, ठाण्यात समोर बसून, माझ्या तोंडाने सांगते ते असे. मला कोणी पढवलेले नाही, कोणी दम दिलेला नाही, आणि मी प्यायलेली नाही. हे शेवटचे अंमलदारांनी विचारले म्हणून आले. सकाळी सहाला शाळेच्या हॉलला साखळी घालणारी बाई प्यायलेलीच असणार, असे कारखान्याचे मालक झ्द्राव्को पोद्लेस्निक यांनी फोनवर कळवले होते. ते आता बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना शंका असेल तर त्यांनी आत येऊन माझ्या तोंडाचा वास घ्यावा.

अंमलदार माझे बोलणे 'सदर इसम', 'सदर वस्तू' असे करून लिहीत होते. मी थांबवले. मी सांगते तेच शब्द लिहा, नाहीतर मी उठते, असे म्हटले. त्यापुढे माझेच शब्द लिहिले आहेत.

आज सकाळी ६.२० वाजता मी प्राथमिक शाळेच्या नव्या खेळाच्या हॉलच्या दाराच्या दोन्ही मुठींतून साखळी ओवून कुलूप घातले. साखळी माझ्या गाईची, कुलूप माझ्या तळघराचे. दारावर पुठ्ठा लावला आणि त्यावर लिहिले, 'छत धोक्याचे आहे. आत जाऊ नये.' खाली माझे नाव लिहिले. मग मी पायरीवर बसले. ७.०५ ला शाळेचा शिपाई आला. त्याने मुख्याध्यापिकेला फोन केला, तिने पोद्लेस्निकना, आणि त्यांनी ठाण्यात. ८.४० ला अंमलदार मोठी कात्री घेऊन आले आणि साखळी तोडली. मी कोणावर हात उगारला नाही. एक शिवी दिली. ती पोद्लेस्निकना दिली, अंमलदारांना नाही, आणि ती मागे घेत नाही.

उद्या शनिवारी सकाळी दहा वाजता त्या हॉलचे उद्घाटन आहे. शाळेची २८७ मुले मधल्या फरशीवर कवायत करणार, कडेने आईबाप, आजीआजोबा, गावचा बँड. माझे मागणे एकच आहे. उद्या त्या छताखाली कोणी उभे राहू नये. मग माझ्यावर कोणता गुन्हा लावायचा तो लावा, मी नाही म्हणणार नाही.

अंमलदारांनी विचारले, "छत कशाचं आहे, मावशी? प्लायवूडचंच ना?" इथे माझी तळपायाची आग मस्तकात गेली. या दरीत निम्मी माणसे लाकूड चिकटवून जेवतात आणि ठाण्यातल्या माणसाला प्लायवूड आणि तुळई यांतला फरक ठाऊक नाही. म्हणून लिहून घ्या. कारखान्यात आम्ही तीन तऱ्हेचा माल करतो. एक, फळीवर फळी, सगळ्या एकाच दिशेने, सरस लावून दाबलेली तुळई. ती सरळ होते किंवा वाकवून कमानीसारखी होते. दोन, एक थर उभा आणि एक आडवा असे चिकटवलेले जाड तक्ते. त्यांच्या भिंती आणि छपरे होतात. तीन, ओंडका सोलून काढलेल्या पातळ सालींची तुळई. ती बारीक दिसते पण वजन घेते, खिडक्यांच्या डोक्यावर बसवतात. त्या हॉलमध्ये तिन्ही आहेत. खिडक्यांवरच्या सालींच्या तुळया चांगल्या आहेत. छपराचे तक्ते चांगले आहेत. सात कमानींपैकी सहा चांगल्या आहेत, त्यांच्यावर मी माझ्या नातवंडांना झोपाळा बांधू देईन. वाईट आहे ती चौथी. ती बरोबर मध्ये आहे.

कमान सरळ तुळईपेक्षा नाजूक का, हे अंमलदारांनी विचारले नाही, तरी सांगते. वाकवलेली फळी कधी वाकडी राहायला राजी नसते. जन्मभर ती सरळ व्हायला बघते. तिला धरून ठेवतो तो फक्त सरस. सरसाने हात सोडला की फळ्या आपापल्या वाटेने जातात. त्यात खिळा नाही, स्क्रू नाही, काही नाही.

आता घडलेले सांगते. शुक्रवार, १२ एप्रिल. चौथ्या तुळईच्या छत्तीस फळ्या तयार होत्या. प्रत्येक फळी सव्वीस मीटर लांब. तुकड्यांची टोके बोटांसारखी कापून एकमेकांत घुसवून जोडलेली. जाडी तेहतीस मिलिमीटर. आमच्याकडे नियम असा की फळीवर रंधा मारला की त्याच दिवशी सरस लागला पाहिजे. चोवीस तासांच्या पुढे नाही. ताजी फळी सरस पिते, शिळी ओकते, असे आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. मी तीनशे माणसांना तरी सांगितले असेल. पोद्लेस्निकना वयाच्या सतराव्या वर्षी मीच सांगितले, तेव्हा त्यांचे वडील मालक होते.

त्या दिवशी दुपारी एकला खालच्या गावात अग्निशमन दलाच्या नव्या इमारतीचा लिकोफ होता. छपराची शेवटची तुळई चढली की शेंड्याला फिती लावलेले स्प्रूसचे झाड बांधतात आणि इमारतीचा मालक कारागिरांना जेवू घालतो, तो लिकोफ. तुळया आमच्या होत्या, म्हणून सगळ्या कारखान्याला बोलावणे होते. लिकोफला न जाणे म्हणजे त्या छपराला शाप देणे, असे इथे सगळे मानतात. मीही मानते.

सकाळी साडेदहाला रंधा मशीनवरचा स्ताने हुदेर मला म्हणाला, "बाई, आता रंधा मारू की सोमवारी? लिकोफ आहे."

मी म्हटले, "मार. दोन घोट घेऊ, सॉसेज खाऊ, चारला परत येऊ आणि सरस लावू. पाचला फळ्या प्रेसमध्ये दाबून बंद."

तो हसला. म्हणाला, "लिकोफहून चारला परत आलेला माणूस मी अजून बघायचाय."

मी म्हटले, "मग आज मला बघ."

हे मी स्वतः सांगते आहे. रंधा मारायचा हुकूम माझा. छत्तीसच्या छत्तीस फळ्या साडेअकरापर्यंत रंधून झाल्या.

लिकोफला सॉसेज होते, अक्रोड भरून गुंडाळलेली गोड पोतित्सा रोटी होती, आलुबुखाराची दारू होती, अकॉर्डियन होते. दलाच्या प्रमुखाने भाषण केले. साडेतीनला मी उठले. स्तानेने माझी बाही धरली. "बस गं बाई. सरस कुठे पळून जात नाही. मालक बघ कुठे बसलाय." पोद्लेस्निक दलाच्या प्रमुखाच्या गळ्यात हात टाकून गात होते. मी त्यांच्याकडे जाऊन म्हटले, "झ्द्राव्को, फळ्या उघड्या पडल्यात." ते म्हणाले, "आंगेला, लाकूड शंभर वर्षं झाड होऊन उभं होतं, दोन दिवस आडवं पडलं तर काय मरतंय?" सगळे हसले. मीही हसले आणि बसले. त्या दिवशी कोणीही परत गेले नाही. प्रेस रिकामी राहिली.

सोमवारी, १५ एप्रिलला, सकाळी सहाला मी फळ्यांवरून हात फिरवला. शुक्रवारी त्या रेशमासारख्या होत्या, आता कोरड्या आणि पिवळसर लागत होत्या. मी स्तानेला म्हटले, "पुन्हा रंधा मार." तो म्हणाला, "मालकाला विचार." मी विचारले. इथे हिशेब नीट लिहून घ्या. पुन्हा रंधा म्हणजे फळीमागे दोन मिलिमीटर गेले. छत्तीस फळ्यांचे सात सेंटीमीटर गेले. तुळई एक मीटर एकोणीसची हवी ती एक मीटर बाराची होणार. ते भरून काढायला सव्वीस मीटरच्या तीन फळ्या जास्त लागणार. त्या जातीचे निवडलेले लाकूड गुरुवारपर्यंत येणार नव्हते. कमानी चढवायच्या क्रेनची तारीख ठरलेली होती, नगराध्यक्ष फोटो काढायला येणार होते.

पोद्लेस्निक म्हणाले, "सरस जरा दाट लाव आणि प्रेस दोन तास जास्त ठेव."

मी म्हटले, "दाट लावून काय होतंय? मेलेल्याला दोन घोंगड्या पांघरल्या तर तो उठतो का?"

ते म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याला. एकदा लाव तर."

लावला. माझ्या पाळीने लावला, माझ्या डोळ्यांदेखत. कमानीच्या साच्यात फळ्या वाकवल्या, प्रेस कसली. सरस नेहमीसारखा कडेने बाहेर आला. बघणाऱ्याला ती तुळई इतर सहांसारखीच दिसली असती.

मंगळवारी, १६ एप्रिलला, तुळईच्या टोकाचा तुकडा कापला आणि पटाशीने फोडला. प्रत्येक तुळईचा तुकडा असा फोडायचाच असतो. सरस धरला असेल तर लाकूड फाटते, चिरफळ्या निघतात, पटाशीला लाकडाचे केस लागतात. धरला नसेल तर पाव उघडावा तसे दोन भाग होतात. तो पावासारखा उघडला. आत सरस चकचकीत, एका बाजूने लाकडाला शिवलासुद्धा नव्हता. दुसरा तुकडा कापला, तोही तसाच. तिसरा अर्धा फाटला आणि अर्धा उघडला. तो तिसरा तुकडा पोद्लेस्निकनी उचलला आणि म्हणाले, "हा बघ, हा धरलाय." तीनांतला अर्धा.

मी म्हटले, "झ्द्राव्को, ही तुळई मोडीत काढायची. तपासणीच्या कागदावर मी सही करणार नाही."

त्यावर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी ऐकून घेतले नसते. ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले आणि हळू म्हणाले, "मोडीत काढू. पण का काढली ते लिहावं लागेल. फळ्या शिळ्या होत्या असं लिहावं लागेल. मग शिळ्या कोणी केल्या तेही लिहावं लागेल. शुक्रवारी साडेदहाला, लिकोफच्या दिवशी, रंधा मार असं कोण म्हणालं? मी तर म्हटलं नाही, आंगेला."

मी सही केली.

अंमलदारांनी विचारले की दबाव होता का. दबाव काय असतो? माझ्या हाताला कोणी धरले नव्हते. एकतीस वर्षांत माझी एकही तुळई परत आली नव्हती. ते नाव मला छपराखालच्या माणसांपेक्षा मोठे वाटले. पोद्लेस्निकनी मला ओळखले आणि बरोबर तिथेच बोट ठेवले. राग त्यांच्यावर आहे हे खरे. पण सही पोद्लेस्निकची नाही, माझी आहे, हे कोणी मला शिकवायची गरज नाही. गेले साडेचार महिने मी ती रोज बघते आहे.

मे महिन्यात कमानी चढल्या. चौथी चढताना मी गेले नाही. शाळेच्या लिकोफला गेले नाही, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. जूनमध्ये वर तक्ते बसले. जुलैच्या शेवटी चौथ्या तुळईला पडदा टांगला. हॉलचे दोन भाग करायचा हा पडदा मोटरीने खाली येतो. मोटर आणि लोखंड धरून नऊशे किलो भरतो. तो नेमका चौथीलाच का, तर ती मध्ये आहे. ऑगस्टमध्ये फरशीचे पॉलिश वाळवायला बंद हॉलमध्ये गरम हवा सोडली, दहा दिवस. लाकूड सुकले की आक्रसते, हे इथे शेंबड्या पोरालाही कळते.

बुधवारी, २८ ऑगस्टला, दुपारी दोनला मी हॉलमध्ये गेले. खिडक्या पुसायच्या शिडीवर चढले. चौथ्या तुळईच्या कमानीच्या ऐन माथ्याला, खालून अकराव्या आणि बाराव्या फळीच्या मध्ये फट होती. साठ सेंटीमीटर लांब. फटी मोजायची पातळ पोलादी पट्टी नऊ सेंटीमीटर आत गेली. गुरुवारी, २९ तारखेला, सकाळी नऊला पडद्याची चाचणी झाली. तो तीनदा खाली आला, तीनदा वर गेला. दहाला मी पुन्हा मोजले. फट एक मीटर दहा होती. एका दिवसात, आणि खाली अजून मुले नाहीत, वर अजून बर्फ नाही.

त्याच वेळी मी फटीच्या कडेला पटाशी घातली आणि एक ढलपा काढला. पोद्लेस्निकनी आज ठाण्यात येऊन दिलेल्या तक्रारीतले 'मालमत्तेचे नुकसान' ते हेच. चोराच्या उलट्या बोंबा. ढलपा रुमालात बांधून आणला आहे आणि टेबलावर ठेवला आहे. अंमलदारांनी अंगठा फिरवून पाहिला. एक बाजू काचेसारखी गुळगुळीत लागते, लाकडाचा एक केस तिला चिकटलेला नाही.

गुरुवारी ११.३० ला मी नगरपालिकेच्या बांधकाम कार्यालयात फोन केला. तिथल्या मुलीने कागद काढला आणि म्हणाली, "बाई, तपासणीच्या कागदावर ही तुळई चांगली आहे असं लिहिलंय, आणि खाली तुमचीच सही आहे." मी म्हटले, "म्हणून तर मी सांगतेय." ती म्हणाली, "मग लेखी द्या. पंधरा दिवसांत उत्तर येईल." मी विचारले, "छतालाही पंधरा दिवसांची मुदत द्याल का?" तिने फोन ठेवला.

१२.१५ ला मी पोद्लेस्निकच्या खोलीत गेले. फट सांगितली. ते म्हणाले, "लाकूड आहे, चिरणारच. उद्घाटन होऊ दे, सोमवारी माणूस पाठवतो, फटीत सरस भरतो."

मी म्हटले, "सोमवारी कशाला, उद्याच भर. आणि भरलास की त्याखाली खुर्ची टाकून तू बस, दहा ते बारा. तुझ्या बायकोला शेजारी बसव."

ते म्हणाले, "तुझं वय झालं, आंगेला. रजा घे. तुझ्या जागी कोण बसवायचा ते मी बघतोय."

मी म्हटले, "बसव. पण आधी ज्याला बसवशील त्याला सांग की तुझ्या कारखान्यात सही कशी घेतात."

संध्याकाळी सहाला मी स्ताने हुदेरच्या घरी गेले. तो बागेत टोमॅटो तोडत होता. मी म्हटले, "माझ्याबरोबर ठाण्यात चल. शुक्रवारी रंधा आणि सोमवारी सरस, एवढंच सांग." तो खाली बघत म्हणाला, "मी रंधा मारला, बाई. रंधा चांगलाच मारला होता. सरस तुझा." मग म्हणाला, "पेन्शनला दोन वर्षं राहिलीत." त्याने मला टोमॅटो देऊ केले. मी घेतले नाहीत. स्ताने वाईट माणूस नाही हेही लिहा. इथे कोणीच वाईट नाही, तीच तर पंचाईत आहे. सगळ्यांनी आपापले काम चांगले केलेले आहे आणि छत उघडते आहे.

म्हणून आज साखळी. मला ठाऊक होते की तोडतील. मला एवढेच हवे होते की तोडायला पोलीस यावेत, म्हणजे जबाब घ्यावा लागेल आणि जबाबात तुळईचा आकडा येईल. आला आहे. चौथी.

अंमलदारांनी विचारले, "उद्या पडेलच असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का?" नाही. मी ज्योतिषी नाही. उद्या कदाचित उभी राहील. परवाही राहील. फटीने एका दिवसात पन्नास सेंटीमीटर खाल्ले, उद्या किती खाईल ते मला मोजता येत नाही. ज्याला मोजता येते त्याला आज बोलवा, क्रेनसकट, आणि पडदा आधी उतरवा. खालून चार खांब लावले तर छत वाचेलही. मी ते पाडा म्हणत नाही. त्याखाली मुले उभी करू नका म्हणते.

इथे जबाब संपला असे मी म्हटले. वेळ १२.४०. अंमलदारांनी लिहिणे थांबवले. ते उठले, त्यांनी खोलीचे दार लावून घेतले आणि परत येऊन माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसले, टेबलाच्या माझ्या बाजूला. म्हणाले, "आंगेलामावशी, अज्दा दुसऱ्या ओळीत आहे. पाठवू का उद्या?" अज्दा ही त्यांची मुलगी, वय आठ.

मी म्हटले, "हे लिहा."

ते म्हणाले, "हे जबाबात बसत नाही. मी पोलीस म्हणून विचारत नाहीये. बाप म्हणून विचारतोय."

मी म्हटले, "बाप म्हणून विचारलंत तर अज्दाच्या पोटात उद्या सकाळी दुखेल आणि ती घरी राहील. तुम्ही तुमच्या बहिणीला सांगाल, ती तिच्या शेजारणीला सांगेल. दहापंधरा पोरांची पोटं दुखतील. राहतील ती कोणाची? ज्यांच्या आईबापांची पोलिसात ओळख नाही त्यांची. आणि ती बरोबर मध्ये उभी राहतील, कारण पुढच्या ओळीत जागा झालेली असेल."

मी म्हटले, "मी एप्रिलमध्ये हेच केलं, मित्या. माझं तेवढं वाचवलं. तुम्ही प्रश्न लिहिला नाहीत तर मी या कागदावर सही करत नाही. मग हॉलला साखळी घालणारी एक म्हातारी, एवढंच तुमच्याकडे राहील. अज्दाला घरी ठेवा नाहीतर नेऊन त्या पडद्याखाली उभी करा, तुमची मर्जी."

ते उठले. मग आपल्या जागी गेले आणि त्यांनी तो प्रश्न लिहिला. तो वर आहे तसाच आहे. माझे उत्तर लिहायला सांगितले, तेही लिहिले. उत्तर: पाठवू नका. कोणालाच.

हा जबाब अंमलदारांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. आपल्या प्रश्नापाशी आले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. बाहेर पोद्लेस्निक बसले होते आणि शाळेच्या मुख्याध्यापिका नुकत्याच आल्या होत्या. मी म्हटले, दार उघडा आणि ती ओळ पुन्हा वाचा. त्यांनी दार उघडले. ती ओळ पुन्हा वाचली, मुलीच्या नावासकट. बाकावरच्या दोघांनी ऐकली. मजकूर मी सांगितला तसाच आहे, त्यात काही कमी नाही, काही जास्त नाही. दोन प्रतींवर सह्या केल्या. वेळ १३.१५.

(सही) आंगेला झागोझेन

माझ्यासमोर, आणि शेवटचा प्रश्न माझा:
(सही) मित्या प्रिस्लान, ठाणे अंमलदार